मराठी शाळा बंद पडल्या तर पडू द्या म्हणणाऱ्यांना



आपल्याकडच्या लग्नात, वास्तुशांतीत हल्ली एक वाक्य हमखास कानावर येतं. “आदिलाबादकडच्या मराठी शाळा आता कशाला हव्यात? पोरं तेलंगणात राहतात, तेलुगू-इंग्रजी शिकू द्या की!” बोलणारे बहुतेक त्याच शाळांत शिकून हैदराबाद, नागपूर, पुण्याला स्थायिक झालेले. पैनगंगेच्या दक्षिण काठावर एका सरकारी मराठी शाळेत मी बरीच वर्षं शिकवलं आहे. म्हणून आज थोडं कडक बोलणार. राग मानू नका, मानलात तरी चालेल.

पहिली गोष्ट, आपण इथे उपरे नाही. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट, राजुरा हे तालुके मुंबई राज्यात गेले आणि नांदेड जिल्ह्यातला मुधोळ, भैंसाचा भाग इकडे आला. माणसं जिथल्या तिथेच होती, रेषा हलली. त्याच वर्षी घटनेत ३५०क हे कलम आलं. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं यासाठी पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असं ते सांगतं. म्हणजे गावातली मराठी शाळा ही कुणाची मेहेरबानी नाही.

आता त्या वर्षाबद्दल. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि १ सप्टेंबरपासून टीव्हीवर धडे सुरू झाले. आमच्या गावात जे धडे लागायचे ते तेलुगूत. तेलुगू राज्यात तेलुगू धडे, त्यात राग कसला? पण आमची तिसरीतली पोरं पाच मिनिटं बघायची आणि उठून जायची. मोबाईल तीन घरांत मिळून एक, त्यालाही रेंज नाही. दिवाळीच्या सुमारास कापूस फुटला आणि मोठी पोरं वेचणीला गेली. किलोमागे मजुरी मिळते म्हटल्यावर वही कोण उघडतो?

तरीही शाळा पूर्ण तुटली नाही. का नाही तुटली, हे जरा नीट ऐका. सातवीपर्यंत शिकलेल्या आया रात्री पोरांची गणितं तपासत होत्या. चौथी शिकलेले एक आजोबा रोज सकाळी देवळाच्या पारावर नातवाला आणि शेजारच्या चार-पाच पोरांना धडा वाचायला लावायचे. दहावीतल्या पोरी धाकट्यांना पाढे घ्यायच्या. हे जमलं, कारण पुस्तक घरातल्या भाषेत होतं. त्याच गल्लीत इंग्रजी शाळेची फी भरणारी घरंही होती. तिथल्या आयांना लेकराच्या पुस्तकाचं पहिलं पान वाचून दाखवता येत नव्हतं. हुशारीत त्या कुठे कमी नव्हत्या हो. आपणच त्यांच्या हातून पुस्तक काढून घेतलं होतं.

पारावरच्या त्या घोळक्यात गोंडांची पोरंही होती. देवनागरी या मुलखात फक्त आपली नाही, हे आपण विसरतो. १९४० च्या दशकात मारलवाईला हायमेनडॉर्फ यांनी गोंड शिक्षक तयार केले, तेव्हा गोंडी वाचनपुस्तकं देवनागरीतच काढली गेली. आपल्या सोयीसाठी शाळा बंद होऊ दिली तर या पोरांचाही रस्ता जातो. ते कुणाच्या हिशेबात आहे का?

तेलुगूचं म्हणाल तर मान्यच. इथे नोकरी, कचेरी, बाजार सगळं तेलुगूवर चालतं. २०१८ च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत तेलुगू सक्तीची झाली, ते चांगलंच झालं. मराठी शाळेत तेलुगू आणि इंग्रजी पक्की शिकवा म्हणून भांडा ना, मी पुढे उभा राहतो. पण त्यासाठी शाळाच मोडायची? दात दुखतो म्हणून कुणी जबडा काढत नाही.

आणि २७ फेब्रुवारीला मराठीचं स्टेटस ठेवणाऱ्यांनो, गावी भावाला फोन करून “मराठीत घातलंस तर पोरगं वाया जाईल” हे सांगणारेही तुम्हीच. ते आधी थांबवा. पट घटला की शिक्षक जातो, शिक्षक गेला की उरलेली पोरंही जातात. हे मी वर्गात उभा राहून पाहिलंय.

जूनमध्ये सरकारी शाळांची ‘बडी बाटा’ ही नावनोंदणीची मोहीम असते. तेव्हा मी गावी आहे, घरोघरी जाणार आहे. कुणाला दोन दिवस काढून सोबत यायचं असेल तर इथेच खाली लिहा. राहायची-जेवायची सोय आमच्याकडे होईल.