दोन तालमी

दर दिवाळीला या पानावर मी शब्दांविषयी काहीतरी लिहिते. कधी म्हणींविषयी, कधी उत्तरपत्रिकांतल्या गमतींविषयी. यंदा मात्र मी मारामारीविषयी लिहिणार आहे. वीस वर्षे कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या आणि झुरळ दिसले की खुर्चीवर चढणाऱ्या बाईने या विषयाला हात घालावा, हे ऐकून आमच्या घरात हशा पिकला. पण वाचकहो, शेवटी गाडी शब्दावरच येणार आहे. तेवढा धीर धरावा.

आमची मुलगी पंधरा वर्षांची आहे. तीन वर्षांपूर्वी ती वुशू शिकायला जाऊ लागली. वुशू म्हणजे चिनी युद्धकला. सिनेमाच्या भाषेत कुंग-फू. एका शाळेच्या हॉलमध्ये आठवड्यातून तीन संध्याकाळी वर्ग भरतो. तिथे ती ताओलू शिकते. ताओलू म्हणजे आधी बसवलेल्या हालचालींची साखळी. ठोसा, लाथ, गिरकी, उडी आणि उतरताना पाऊल कसे नेमके जागच्या जागी. चौदा मीटर लांब, आठ मीटर रुंद गालिच्यावर जेमतेम दीड मिनिटाचा खेळ. पण पाहणाऱ्याचा श्वास अडकतो. गेल्या वर्षी एका स्पर्धेत तिला रौप्यपदक मिळाले. रेशमी पोशाखात, हाती तलवार घेतलेला तिचा फोटो पाहून सासूबाईंनी तिची दृष्ट काढली. ह्यांनी सोफ्यावर बसल्या बसल्या सांगून टाकले, “अगं, ही विद्या मूळची आपलीच. आपल्या बोधिधर्मानेच शाओलिनच्या मठात जाऊन शिकवली.” आणि मी मनातल्या मनात एक हिशेब केला : आता हिला रात्री आठ वाजता क्लासमधून एकटी येऊ द्यायला हरकत नाही.

तो हिशेब या जूनमध्ये चुकला.

स्टेशनच्या पुलावर, जिथला दिवा गेलेला होता तिथे, एका माणसाने तिचे मनगट पकडले आणि दुसऱ्या हाताने मोबाइल हिसकावला. सारा प्रकार तीन-चार सेकंदांचा. तीन वर्षांच्या लाथा, ठोसे, गिरक्या यांतले काही म्हणजे काहीच घडले नाही. ती नुसती उभी राहिली आणि तो पळाला. घरी आली तेव्हा तिच्या मनगटावर चार बोटांचे वळ होते. अशा वेळी आईने जे बोलू नये तेच मी बोलले. “अगं, तुला एवढं सगळं येतं, आणि तू काहीच केलं नाहीस?”

ती म्हणाली, “आई, त्याने माझ्याबरोबर रिहर्सल केली नव्हती ना!”

रिहर्सलला आपण मराठीत तालीम म्हणतो. मूळ अरबी शब्द, अर्थ शिक्षण. मराठीने तो उचलला आणि दोन ठिकाणी बसवला. कुस्तीच्या आखाड्याला आपण तालीम म्हणतो आणि नाटकाच्या सरावालाही तालीमच. मी वर्गात हे उदाहरण गंमत म्हणून कितीदा दिले असेल! त्या रात्री पहिल्यांदा माझ्या लक्षात आले, की या दोन तालमी एकमेकींच्या अगदी उलट आहेत. नाटकाच्या तालमीत समोरचा आपल्याला मदत करायला उभा असतो; आपण कधी वळणार, तो कधी पडणार, सारे ठरलेले. कुस्तीच्या तालमीत समोरच्याचे कामच मुळी आपला डाव लागू न देण्याचे असते.

झोप येईना, म्हणून वाचायला बसले. तेव्हा कळले, की चीनमध्ये हा वाद काही आजचा नाही. शोभेच्या युद्धकलेला तिथे एक वाक्प्रचारच आहे : फुलांच्या मुठी आणि भरतकामाच्या लाथा. सोळाव्या शतकात छी जीग्वांग नावाचा मिंग राजवटीतला सेनापती होऊन गेला. किनाऱ्यावर धाडी घालणाऱ्या चाच्यांशी लढण्यासाठी त्याने शेतकऱ्यांच्या पोरांची फौज उभी केली आणि १५६० च्या सुमारास सैन्याच्या शिक्षणावर ग्रंथ लिहिला. दिखाऊ हातवाऱ्यांची त्याला मनस्वी चीड होती. मुष्टियुद्ध मोठ्या रणांगणावर फारसे कामाचे नाही, पण त्याने हातपाय मोकळे होतात, नवशिक्याची सुरुवात त्यानेच करावी, असे त्याने स्वच्छ लिहून ठेवले. आणि पुढे एक मोलाची गोष्ट सांगितली : विद्या हाती आली, की ती प्रतिस्पर्ध्यावर अजमावून पाहावीच, मात्र हरल्याची लाज आणि जिंकल्याचा तोरा न बाळगता, का हरलो आणि का जिंकलो याचा विचार करावा.

हा सल्ला पुढे किती लोकांनी मानला, हा भाग निराळा. १९०० साली उत्तर चीनमध्ये ज्यांनी परकीयांविरुद्ध बंड पुकारले, त्या ‘बॉक्सर’ मंडळींतल्या अनेकांचा समज होता, की आपल्या कवायतींनी आणि मंत्रांनी अंगाला गोळी लागत नाही. गोळी लागली. त्यानंतर सुशिक्षित चिनी माणसे या विद्येकडे नव्याने पाहू लागली. १९२८ मध्ये नानजिंगला सरकारी आश्रयाखाली राष्ट्रीय युद्धकलेची मध्यवर्ती संस्था निघाली; त्याच वर्षी तिने देशभरच्या उस्तादांची परीक्षा घेतली, आणि त्या परीक्षेत नुसत्या कवायती नव्हत्या, प्रत्यक्ष झुंजीही होत्या. माणसे जखमी झाली. पुढच्या वर्षी हांगचौला उंच चौथऱ्यावर पुन्हा तशाच झुंजी झाल्या. थांग हाओ हा या कलेचा इतिहासकार त्याच काळातला. त्याने १९३० मध्ये दाखवून दिले, की बोधिधर्माने शाओलिनमध्ये युद्धकला शिकवली या कथेला आधार नाही; ती ज्या पोथीवर उभी आहे ती पोथीच सतराव्या शतकातली, म्हणजे बोधिधर्मानंतर हजार-अकराशे वर्षांनी रचलेली. हे मी ह्यांना सकाळी चहाबरोबर सांगितले. ह्यांनी वर्तमानपत्र डोळ्यांसमोर थोडे आणखी वर धरले.

मला सर्वांत गंमत वाटली ती १९५४ च्या मकावमधल्या सामन्याची. १९५३ च्या नाताळच्या रात्री हाँगकाँगमधल्या शेक किप मेई या झोपडवस्तीला आग लागून सुमारे त्रेपन्न हजार माणसे बेघर झाली होती. त्यांच्या मदतीसाठी १७ जानेवारीला दोन नामवंत उस्ताद चौथऱ्यावर उतरले. एका बाजूला पन्नाशी ओलांडलेले ताइ-चीचे आचार्य वू गोंगयी. दुसऱ्या बाजूला पस्तिशीच्या आसपासचे, श्वेत क्रौंच शैलीचे चान हाक-फू. केवढी काव्यमय नावे! या झुंजीची जुनी फिल्म आज कोणालाही पाहता येते. मी ती तीनदा पाहिली. क्रौंच पंख पसरील, ढगांसारखे हात फिरतील, अशी माझी अपेक्षा. प्रत्यक्षात दिसतात ते दोन दमलेले गृहस्थ, गल्लीतल्या भांडणात फिरवावेत तसे हात फिरवणारे. नाकातून रक्त आले, दुसऱ्याच फेरीत पंचांनी सामना थांबवला आणि कोणालाच विजयी न ठरवता लोकांना घरी पाठवले.

पण पुढे काय झाले पाहा. झुंजीने लोकांची अशी काही हुरहूर वाढवली, की तीनच दिवसांनी हाँगकाँगच्या एका सायंदैनिकाने लियांग यूशंग या लेखकाची युद्धवीरांवरची कादंबरी क्रमशः छापायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी त्याच दैनिकात जिन योंग लिहू लागले, आणि आज चिनी वाचकांच्या घराघरांत त्यांची पुस्तके आहेत. चौथऱ्यावर जे दिसले नाही ते लोकांनी कागदावर मागून घेतले. मी साहित्याची शिक्षिका. या व्यवहाराला मी नावे ठेवणार नाही. फक्त कागदावरचे चौथऱ्यावर आहे असे समजू नये, एवढेच.

कम्युनिस्ट राजवटीने १९५० च्या दशकात या कलेची नव्याने घडी घातली. १९५६ मध्ये चोवीस हालचालींची सोपी ताइ-ची तयार झाली, तीच आज जगभरच्या बागांतून सकाळी चालते. उड्या, गिरक्या, तोल यांना गुण देणाऱ्या ताओलूच्या स्पर्धा सुरू झाल्या. खुल्या झुंजी मात्र मागे पडल्या. या घडणीतून जेट ली हा मुलगा आला. १९७४ मध्ये अकराव्या वर्षी त्याने अमेरिकेच्या अध्यक्षांसमोर खेळ केला आणि १९८२ मध्ये ‘शाओलिन टेंपल’ चित्रपटातून साऱ्या जगाला वेड लावले. झुंजीची बाजू १९७९ पासून पुन्हा चाचपण्यात आली. तिचे नाव सान्दा. हातमोजे, शिरस्त्राण, छातीला कवच. ठोसा, लाथ आणि उचलून आपटणे, तिन्हींना मुभा. याच सान्दामध्ये मणिपूरच्या रोशिबिना देवीने २०२३ मध्ये हांगचौच्या आशियाई स्पर्धांत भारताला रौप्यपदक मिळवून दिले.

इथपर्यंत वाचून मी माझा निकाल ठरवून टाकला होता : जुन्या पारंपरिक शैली खऱ्या, नव्या शोभेच्या शैली खोट्या, आणि माझ्या मुलीच्या वाट्याला खोट्या आल्या. पण पुढे २०१७ ची हकीकत वाचली आणि हा निकालही टिकला नाही. त्या वर्षी एप्रिलमध्ये छंगतूला श्यू श्याओदोंग या मिश्र युद्धकलेच्या मल्लाने ताइ-चीचे उस्ताद वेइ लेइ यांच्याशी झुंज घेतली. तळहातावरचे कबूतर केवळ हाताच्या मऊपणाने उडू न देण्याचा प्रयोग या उस्तादांनी पूर्वी दूरचित्रवाणीवर दाखवला होता. झुंज वीस सेकंदही चालली नाही. उस्ताद खाली आणि श्यू वर. तीन वर्षांनी मा बाओग्वो या दुसऱ्या वयस्क उस्तादांची, पन्नाशीच्या एका हौशी गड्यापुढे अर्ध्या मिनिटात तीच गत झाली. श्यूला मात्र याची किंमत मोजावी लागली. ताइ-चीच्या एका थोर आचार्यांना भोंदू म्हटल्याबद्दल २०१९ मध्ये न्यायालयाने त्याला जाहीर माफी मागायला लावली. निकाल मानेपर्यंत वेगवान रेल्वेचे तिकीटसुद्धा त्याला मिळेना.

आता पाहा, हरलेले उस्ताद काही रेशमी पोशाखातले गालिचावीर नव्हते. ते स्वतःला परंपरेचेच वारस म्हणवीत होते. फक्त त्यांच्या तालमीत समोरचा माणूस त्यांचा शिष्य असे. गुरूने हात लावला की शिष्य दहा पावले मागे उडे; शिष्याच्या नम्रतेला गुरू आपली शक्ती समजे. आणि सान्दातले जे आपटण्याचे डाव आज चालतात, ते चीनच्या जुन्या कुस्तीतूनच आलेले आहेत. म्हणजे डाव जुना की नवा, हा प्रश्नच नव्हे. तो न ऐकणाऱ्या माणसावर कितीदा करून पाहिला, एवढाच प्रश्न. गालिच्यावर उड्या मारणाऱ्या मुलीला निदान ठाऊक असते, की आपण गालिच्यावर आहोत.

तिला ठाऊक होते. तिच्या आईला नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी तावातावाने क्लासवर गेले. तिच्या शिक्षिका पंचविशीच्या, बोलायला मृदू. त्यांनी माझे सारे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “मॅडम, मी तिला स्पर्धेचं शिकवते. मारामारी शिकवते असं मी कधीच म्हटलं नव्हतं.” मी दारावरच्या फलकाकडे बोट दाखवले. तिथे ठसठशीत अक्षरांत ‘स्वसंरक्षण’ लिहिले होते. त्या ओशाळल्या. मग म्हणाल्या, “फलक माझा नाही, पण चूक आहे खरी. रविवारी सकाळी इथेच सान्दाचा वर्ग असतो. तिथं समोरचा ऐकत नाही. पाठवा तिला. पण एक सांगते, सान्दा आलं तरी पुलावर पहिलं काम ओरडायचं आणि पळायचंच. तेसुद्धा सरावाशिवाय जमत नाही. घसाच फुटत नाही मुलींचा.”

आता ती दोन्हीकडे जाते. गालिच्यावरची गिरकी तिने सोडलेली नाही, आणि सोडावी असे मलाही वाटत नाही. सुंदर गोष्ट सुंदर म्हणून करावी. गेल्या रविवारी मात्र सान्दाच्या वर्गातून ती फुटका ओठ घेऊन आली. सासूबाईंनी चकल्या तळता तळता कपाळाला हात लावला. ही मात्र हसत होती. चकली झोंबत होती तरी खात होती आणि सांगत होती, की डावा हात खाली आला म्हणून ठोसा बसला, लाथ उशिरा निघाली म्हणून ती पकडली गेली. हरल्याची लाज कुठे दिसेना. तो मिंग सेनापती आमच्या स्वयंपाकघरात असता, तर त्याने एक चकली आणखी मागून घेतली असती.

रात्री आठ वाजता आता मी स्टेशनच्या पुलावर उभी असते. ती म्हणते, “आई, तू येऊन काय करणार आहेस?” मी म्हणते, “ओरडेन.” वीस वर्षे मी शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवला आहे. ती तालीम माझी पक्की आहे. आणि समोरचे कधीच ऐकणाऱ्यांतले नव्हते.