औषधांचे कोठार आणि देशाचे रक्षण

१९४९ सालापासून जवळजवळ दोन तपे नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर रोज मध्यरात्री एक विलक्षण भेट घडत असे. मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास या चार दिशांनी निघालेली टपाल-विमाने येथे उतरत, आपापल्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपूर्वी परत फिरत. मुंबईत संध्याकाळी पेटीत पडलेले पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्याला मिळे, ते या मध्यरात्रीच्या भेटीमुळे. देशाच्या मध्यभागी असण्याचा लाभ एखाद्या शहराने देशाला कसा करून द्यावा, याचा हा उत्तम नमुना होता.

२३ एप्रिल २०२१ च्या संध्याकाळी नागपूरने पुन्हा एकदा अशीच वाट पाहिली. या वेळी टपालाची नव्हे, प्राणवायूची. देशातील पहिली ‘ऑक्सिजन एक्स्प्रेस’ १९ एप्रिलला कळंबोलीहून सात रिकामे टँकर घेऊन निघाली होती. विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्यात ते भरून परतताना तिने तीन टँकर नागपुरास उतरविले आणि उरलेले चार नाशिककडे नेले. एका टँकरमध्ये सुमारे पंधरा टन द्रवरूप प्राणवायू. ज्या घरांतील माणसे त्या आठवड्यात रुग्णालयात होती, त्यांना या आकड्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

त्या प्रवासाची एक बारीकशी हकीकत फारशी कोणाच्या लक्षात राहिली नाही. प्राणवायू देशात नव्हता असे नाही. पोलाद कारखाने तो स्वतःच्या भट्ट्यांसाठी तयार करतातच, आणि भिलाई तर नागपूरपासून पावणेतीनशे किलोमीटरच्या आत आहे. अडचण होती ती भांड्यांची. द्रवरूप प्राणवायू शून्याखाली १८३ अंशांवर ठेवावा लागतो. त्यासाठी लागणारे खास टँकर मोजकेच होते. ते रेल्वेच्या सपाट वाघिणीवर चढविले, तर मार्गातील उड्डाणपूल आणि विजेच्या तारा आड येत. तपासणीअंती ३ मीटर ३२ सेंटिमीटर उंचीचा एकच नमुना बसू शकतो असे ठरले. घाटातला जवळचा मार्ग सोडून गाडी वसई, सुरत, भुसावळ असा वळसा घेऊन गेली. नायट्रोजन आणि अरगॉन वाहणारे टँकर प्राणवायूसाठी बदलून घेण्याची धावपळ तर पुढे कित्येक आठवडे चालू होती. ही सगळी मोजमापे संकट येण्यापूर्वी कागदावर असती, तर किती तास वाचले असते?

त्याच दिवसांत रेमडेसिव्हिरसाठी नातेवाईक गंजीपेठेतील संदेश दवा बाजारापासून जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत चिठ्ठ्या घेऊन फिरत होते. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९ एप्रिलला दहा हजार कुप्या शहराला तातडीने देण्याचा आदेश राज्य शासनास दिला. एका औषधाच्या वाटपासाठी न्यायासनाला आकडा ठरवून द्यावा लागावा, ही गोष्ट साधी नव्हे. वास्तविक जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच या औषधाच्या वापराविरुद्ध सल्ला दिला होता. पण भीतीच्या बाजारात शास्त्राचा भाव उतरतो. पुढे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या प्रयत्नाने वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेस या कंपनीत रेमडेसिव्हिर बनू लागले. मे महिन्यात काळ्या बुरशीचा आजार फैलावला, तेव्हा त्याच कारखान्याने अँफोटेरिसिन-बी हे इंजेक्शनही हाती घेतले. सात हजारांच्या घरात विकले जाणारे हे औषध बाराशे रुपयांत मिळेल, असे त्या वेळी जाहीर झाले. परवाना, कच्चा माल आणि इच्छा एकत्र आली की जिल्ह्याच्या गावीही काय होऊ शकते, हे वर्ध्याने दाखविले. मात्र ते घडले ते लाट अंगावर आल्यानंतर.

बुरशीवरील औषधांचा विषय निघाला की पिंपरीची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने पिंपरीस हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. स्वतंत्र भारताने पेनिसिलिन आपल्या हातांनी बनविण्याचा केलेला तो संकल्प होता. तेथील संशोधकांनी १९६० च्या सुमारास ‘हॅमायसिन’ हे बुरशीनाशक शोधून काढले. त्याच्या नावाची सुरुवातच कंपनीच्या आद्याक्षरांनी होते. ज्या राज्यात असे औषध शोधले गेले, त्याच राज्याला साठ वर्षांनी बुरशीनाशकाच्या कुपीसाठी रांगा लावाव्या लागल्या.

पेनिसिलिनची कथा याहून बोधप्रद आहे. १९९० नंतर आयात खुली झाली. चीनमधील प्रचंड कारखान्यांतून पेनिसिलिन-जी इतक्या स्वस्त दराने येऊ लागले की आपल्याकडील कारखाने एकामागून एक बंद पडले. पेनिसिलिन-जी हे अमॉक्सिसिलिनसारख्या रोजच्या औषधांचे मूळ द्रव्य. म्हणजे गोळी आपली, वेष्टन आपले, छापील नाव आपले, आणि आतला जीव परका! आज देशात आयात होणाऱ्या मूळ औषधी द्रव्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश माल एकट्या चीनमधून येतो. डॉ. विश्वमोहन कटोच समितीने २०१५ मध्ये याविषयी शिफारशी केल्या होत्या. त्यांना प्रत्यक्ष वेग आला तो २०२० मध्ये. मार्च २०२० मध्ये चीनमधील टाळेबंदीमुळे पुरवठा अडेल या भीतीने शासनास पॅरासिटामॉलसह २६ औषधांच्या व द्रव्यांच्या निर्यातीवर निर्बंध घालावे लागले. त्यानंतर तीनच महिन्यांनी गलवानच्या खोऱ्यात आपले वीस जवान धारातीर्थी पडले. ज्या देशाशी सीमेवर झुंज, त्याच देशाच्या द्रव्यापासून जखमी जवानाचे प्रतिजैविक बनावे, याहून विचित्र ताळेबंद कोणता?

उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजनेतून मूळ द्रव्यांसाठी ६,९४० कोटी रुपये राखून ठेवण्यात आले. तिच्या आधाराने आंध्रमधील काकीनाडा येथे वर्षाला १५,००० टन क्षमतेचा पेनिसिलिन-जीचा कारखाना २०२४ मध्ये उभा राहिला. ही स्वागतार्ह गोष्ट आहे. तथापि कारखाना उभारणे वेगळे आणि तो टिकविणे वेगळे. प्रतिस्पर्ध्याने भाव पाडले, तर खरेदीदार स्वस्ताकडेच वळणार. तेव्हा सरकारी रुग्णालयांच्या आणि सैन्याच्या निविदांत केवळ सर्वांत कमी दर पाहायचा की माल कोठून आला हेही पाहायचे, हा निर्णय घ्यावाच लागेल. थोडे महाग देशी औषध घेणे हा विम्याचा हप्ता आहे. तो वाया गेला असे वाटते ते संकट येईपर्यंतच.

केवळ शत्रूच पुरवठा अडवितो असेही नाही. मित्रही आधी आपले घर पाहतो. अमेरिकेने १९५० च्या संरक्षण उत्पादन कायद्याचा वापर लसीच्या सामग्रीसाठी केला, तेव्हा एप्रिल २०२१ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या अदर पूनावाला यांना कच्च्या मालाची वाट मोकळी करा, असे अमेरिकेच्या अध्यक्षांना जाहीरपणे विनवावे लागले. आपणही त्याच महिन्यात रेमडेसिव्हिरची निर्यात थांबविली होती. संकटात प्रत्येक देश दार लावून घेतो, हे गृहीत धरूनच नियोजन करावयास हवे.

आता साठ्याचा प्रश्न. कोणताही घाऊक औषध व्यापारी गरजेपेक्षा अधिक माल ठेवीत नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. आपल्या समाजातील अनेक कुटुंबे या व्यवसायात आहेत. त्यांना हे गणित ठाऊक आहे. कॅश क्रेडिटवर व्याज चढत असते. दरमहा बँकेला माल-विवरण द्यावे लागते आणि मुदत संपलेला माल उचल-मर्यादेच्या हिशोबातून वगळला जातो. सहा महिन्यांचा साठा ठेव असे त्याला देशभक्तीच्या नावाखाली सांगणे म्हणजे त्याला तोट्यात लोटणे होय. बँकांच्या बाबतीत मात्र हा प्रश्न कधीच सुटला आहे. ठेवींचा काही हिस्सा रिझर्व्ह बँकेकडे रोख स्वरूपात ठेवावाच लागतो. त्यावर नफा नाही म्हणून कोणी तक्रार करून सुटत नाही.

औषधांच्या बाबतीत अशी राखीव गंगाजळी फिनलंडने कायद्याने निर्माण केली आहे. तेथे ठरावीक महत्त्वाच्या औषधांचा तीन, सहा किंवा दहा महिन्यांचा साठा उत्पादकांनी व आयातदारांनी ठेवायचा, आणि त्याचा भार उचलण्यास शासनाने भरपाई द्यायची. माल एका कोपऱ्यात सडत नाही. जुना विक्रीला जातो, नवा त्याची जागा घेतो. याउलट अमेरिकेने १९९९ मध्ये राष्ट्रीय साठा उभारला खरा, पण २००९ च्या स्वाइन फ्लूत वापरलेले मुखपट्टे पुरेसे भरून काढले नाहीत आणि २०२० मध्ये त्याची किंमत मोजली.

आपल्या सैन्याची वैद्यकीय भांडारे आहेत. पुणे, मुंबई, दिल्ली, लखनौ येथे ती काम करतात. पण युद्ध आले तर जखमी केवळ लष्करी रुग्णालयात राहणार नाहीत. दारूगोळ्यासाठी चाळीस दिवसांच्या घनघोर युद्धाचा मापदंड होता, आणि तो पाळला जात नसल्याबद्दल महालेखापरीक्षकांनी २०१५ च्या अहवालात ताशेरेही ओढले. वर्धा जिल्ह्यातील पुलगावला दारूगोळ्याचे मध्यवर्ती भांडार आहे. भूल देण्याचे औषध, धनुर्वाताची लस, रक्ताच्या पिशव्या, टाके घालण्याचा धागा, सलाइन यांचे दिवस कोण मोजतो? नागपुरात वायुदलाच्या अनुरक्षण विभागाचे मुख्यालय आहे, दोन मोठ्या रेल्वेमार्गांचा छेद आहे, विमानतळाला लागून मिहान आहे, मिहानमध्ये ल्युपिनचा आणि कळमेश्वरला झिम लॅबोरेटरीजचा कारखाना आहे. राखीव औषधसाठ्यासाठी याहून योग्य जागा शोधण्यास नकाशा फार वेळ पाहावा लागणार नाही. शीतगृह, अखंड वीज, तारखेनुसार माल फिरविण्याची शिस्त आणि त्या खर्चाची अर्थसंकल्पात स्वतंत्र ओळ, एवढे मात्र हवे.

ती ओळ किती आवश्यक आहे, हे प्राणवायूच्या प्रकल्पांवरून कळते. तेजस या लढाऊ विमानाच्या वैमानिकासाठी विकसित झालेल्या तंत्रज्ञानावरून संरक्षण संशोधन संस्थेने रुग्णालयांसाठी हवेतून प्राणवायू वेगळा करणारी संयंत्रे आखून दिली. सैन्याची विद्या रुग्णाच्या उशाशी आली. पण त्या संयंत्रांत हवेतील नायट्रोजन शोषून घेणारे झिओलाइट नावाचे द्रव्य लागते, आणि मे २०२१ मध्ये ते रोमहून विमानाने आणावे लागले होते. झिओलाइटला ओलावा सोसत नाही. संयंत्र बंद पडून राहिले आणि हवेतील दमटपणा आत शिरला, तर ते निकामी होऊ लागते. म्हणून प्रत्येक संयंत्र ठरावीक काळाने चालवून पाहावे लागते, त्याचे वीजबिल भरावे लागते, आणि त्यासाठी एका तंत्रज्ञाचा पगार दरमहा निघावा लागतो.