पत्ता उपलब्ध नाही

गेल्या काही वर्षांत आपल्याकडे माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यांना मोठा बहर आला आहे. नाताळची सुट्टी जवळ आली की कोणत्या ना कोणत्या तुकडीला पदवी मिळून पंचवीस वर्षे झालेली असतात. मग व्हॉट्सअ‍ॅपवर गट निघतो, वर्गणी ठरते, एखाद्या रिसॉर्टचे सभागृह घेतले जाते, शाल-श्रीफळांची मोजदाद होते आणि अखेरीस गुळगुळीत कागदावर छापलेली स्मरणिका हाती पडते. जुने सवंगडी एकत्र यावेत, कँटीनमधला उधारीचा चहा आठवावा, गुरुजनांच्या पायांवर डोके ठेवावे, यात कोणास काय वावगे वाटावे? मलाही वाटत नाही. माझा आक्षेप आहे तो तेथे प्रत्येकाला विचारल्या जाणाऱ्या एका प्रश्नाला आणि त्या प्रश्नाच्या उत्तरांतून सिद्ध होणाऱ्या यादीला.

प्रश्न साधा आहे : "सध्या काय करतोस?" एखाद्याच्या आजारपणाविषयी, मुलाबाळांविषयी, मनातल्या सलाविषयी तो विचारलेला असता तर त्याच्याइतका मायेचा प्रश्न नाही. परंतु विचारणाऱ्याला हवा असतो हुद्दा. स्मरणिकेतले रकाने पाहा : नाव, हुद्दा, आस्थापना, वास्तव्य. आधी कॅनडा-ऑस्ट्रेलियावाले, मग आखातातले, मग मुंबईतले व्यवस्थापक, मग शिक्षक आणि बँकवाले. छायाचित्रांची पाने संपली की शेवटच्या पानावर, बारीक टाइपात, एक मथळा येतो : 'पत्ता उपलब्ध नाही'. त्याखाली पंधरा-वीस नावे दाटीवाटीने उभी असतात, विरार लोकलच्या दारात माणसे उभी असावीत तशी. वाचक त्या पानापर्यंत सहसा पोहोचत नाहीत.

या हिशेबातली गफलत डॅरेल हफ या अमेरिकन लेखकाने १९५४ सालीच दाखवून ठेवली आहे. आकडेवारीने लोकांना कसे फसविले जाते, हा त्याच्या छोटेखानी पुस्तकाचा विषय. त्याचा आरंभच येल विद्यापीठाच्या १९२४ सालच्या तुकडीपासून होतो. त्या तुकडीतला सरासरी पदवीधर वर्षाला २५,१११ डॉलर मिळवतो, असे एका नियतकालिकात छापून आले होते. त्या काळाच्या मानाने ती रक्कम डोळे दिपविणारी होती. हफने विचारले, हा आकडा कोणी सांगितला? ज्यांचे पत्ते विद्यापीठापाशी होते आणि ज्यांनी आलेल्या पत्राला उत्तर धाडले, त्यांनी. मग ज्यांचे पत्ते नव्हते ते कोण? मोठमोठ्या पदांवरचे लोक सहसा हरवत नाहीत. त्यांची नावे निर्देशिकांतून सापडतात. हरवतात ते कारकून, कारागीर, बेकार, जेमतेम जगणारे लेखक-कलावंत. आणि सापडलेल्यांपैकीही ज्याच्यापाशी सांगण्याजोगे काही नाही, तो उत्तर पाठविण्याच्या भानगडीत पडत नाही. हफ त्या बेपत्ता पदवीधरांना हरवलेली कोकरे म्हणतो. हरवलेल्या एका मेंढरासाठी नव्व्याण्णव रानात सोडून जाणाऱ्या मेंढपाळाची गोष्ट ज्या समाजाच्या कानांवर बालपणापासून पडली आहे, त्या समाजात तरी 'पत्ता उपलब्ध नाही' एवढे छापून मोकळे होणे कोणाला खुपायला नको काय?

खरे तर हे पान छापले जाते त्याच्या कितीतरी आधी गाळणी लागलेली असते. 'आमची तुकडी' म्हणजे कोण? ज्या साली आम्ही पदवीधर झालो त्या साली उत्तीर्ण झालेले! पहिल्या वर्षाला आमच्यासोबत बाकावर बसलेले, एटीकेटीच्या फेऱ्यांत अडकून मागे पडलेले, बापाचे अंथरूण धरले म्हणून दुसऱ्या वर्षी कॉलेज सोडलेले, परीक्षा शुल्क भरता आले नाही म्हणून घरी बसलेले, हे सारे तुकडीत धरलेच जात नाहीत. त्यांची नावे 'पत्ता उपलब्ध नाही'च्या पानावरसुद्धा नसतात. ज्याच्या वहीवरून आपण अर्थशास्त्राची टिपणे उतरून घेतली त्याचे नाव तुकडीत नाही आणि ज्याला तीन वर्षांत आपण चारदाही पाहिले नाही तो व्यासपीठावर शाल घेतो आहे, अशी ही आपली मैत्रीची व्याख्या.

स्त्रियांची कथा याहून निराळी. माझ्या ओळखीच्या एका तुकडीच्या स्मरणिकेत एका मुलीचे नाव असेच शोधूनही सापडेना. आई वारल्यावर तिने एस.वाय.ला कॉलेज सोडले, पाठच्या तिघा भावंडांना वाढवले, शिकवले आणि उशिरा लग्न करून ती सासरी गेली. ते सासर महाविद्यालयापासून रिक्षाने वीस मिनिटांवर आहे. मी तिला मेळाव्याविषयी विचारले तेव्हा ती हसून म्हणाली, "अगं, मी कुठे त्यांच्या तुकडीतली? मी तर मधेच सुटले." तिच्या स्वरात तक्रार नव्हती, असती तर मला बरे वाटले असते. तिची तिन्ही भावंडे आज पदवीधर आहेत आणि आपापल्या तुकड्यांच्या स्मरणिकांत त्यांची हुद्द्यांसह छायाचित्रे आहेत. शेवटपर्यंत शिकून उत्तीर्ण झालेल्या मुलींचीही गत फारशी बरी नसते. महाविद्यालयाच्या दप्तरात माहेरचे आडनाव, शिधापत्रिकेवर सासरचे. शोधणारा पुरुष जुन्या आडनावाने दोन फोन करतो आणि थकतो. सापडलीच तर हुद्द्याच्या रकान्यात 'गृहिणी' किंवा नुसती आडवी रेघ. तिच्या माहेरच्या धर्मग्रामात जाऊन कोणत्याही म्हातारीला विचारले असते तर पाच मिनिटांत पत्ता मिळाला असता, नातवंडांच्या नावांसकट.

आणि शेतकरी? वसईच्या पट्ट्यात वाणिज्य शाखेची पदवी घेऊन वाडीत परतलेले कितीतरी आहेत. केळी, पानवेल, सोनचाफा यांवर त्यांनी संसार केले. टँकरवाल्यांनी पाणी उपसून विहिरी खारट केल्या, तेव्हा वाडी विकून मोकळे होणे सोपे होते. त्यांनी ती राखली. हरित वसईच्या आंदोलनात ज्यांनी उन्हातान्हात मोर्चे काढले त्यांत आमच्या बरोबरीचेही होते. मेळाव्याला मात्र ते येत नाहीत. वर्गणीचा आकडा हे एक कारण, दुसरे असे की, "अजून शेतीच का?" हा प्रश्न हसतमुखाने झेलण्याची ताकद दरवेळी असतेच असे नाही. त्यातला 'अजून' हा शब्द मला छळतो. जणू शेती हा आजार आहे आणि बरे व्हायला यांना फार वेळ लागला!

सारा दोष माजी विद्यार्थ्यांच्या माथी मारणेही न्याय्य नव्हे. महाविद्यालयांनाही या मेळाव्यांत रस आहे आणि त्याचे कारण केवळ वात्सल्य नाही. १९९४ साली स्थापन झालेली राष्ट्रीय मूल्यांकन व प्रमाणन परिषद, म्हणजे आपल्या सर्वांच्या तोंडी असलेली 'नॅक', महाविद्यालयांना श्रेणी देत आली. २०१७ साली आलेल्या तिच्या सुधारित चौकटीत किती विद्यार्थ्यांना नोकऱ्या लागल्या, किती उच्च शिक्षणाकडे वळले, नोंदणीकृत माजी विद्यार्थी संघ आहे काय आणि तो आर्थिक वा अन्य साहाय्य किती देतो, यांची विचारणा होती. विचारणा गैर नाही. पण ज्याची नोंद घेतली जाते त्याचीच मशागत होते, हा संस्थांचा स्वभाव आहे. मग देणगीदार माजी विद्यार्थी पहिल्या रांगेत बसतो, प्राचार्य त्याचे नाव तीनदा घेतात आणि ज्याच्या बापाने गाय विकून त्याची फी भरली होती तो पुढे रिक्षा चालवू लागला असेल तर त्याला बोलावण्याचे कोणालाही सुचत नाही.

यावर ठरलेले उत्तर येते. "चार घटका आनंदाने भेटतो, त्यात रडगाणी कशाला?" मी विचारते, आनंद कोणाचा? २०२०-२१ च्या महामारीत आपल्यातले कितीजण गेले, हे अनेकांना मेळाव्याच्या याद्या करतानाच कळले. ज्या मैत्रीला मरणाची वार्ता वर्ष-दोन वर्षांनी लागते तिच्या आनंदाला मी फारसे मोल देऊ शकत नाही.

वर्गमित्रांचे पुढे काय झाले हे जाणून घेण्याची दुसरी रीतही आहे. हार्वर्ड विद्यापीठात १९३८ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची एक पाहणी सुरू झाली. त्यात २६८ तरुण होते, सारे पुरुष, कारण तेव्हा ते महाविद्यालयच पुरुषांचे होते. जॉन केनेडी त्यांतलेच एक. पाहणी करणाऱ्यांनी त्यांना उभ्या आयुष्यात पुन:पुन्हा गाठले. नोकरीबरोबरच प्रकृती, विवाह, युद्धातले अनुभव, दारू, एकाकीपण हेही विचारले. यशस्वी ठरलेल्यांपुरती ती पाहणी थांबली नाही. मद्याने ज्यांचे संसार धुळीस मिळवले तेही तीत राहिले. पुढे बॉस्टनच्या गरीब वस्त्यांतली ४५६ मुले तिला जोडली गेली. ऐंशीहून अधिक वर्षांच्या नोंदींतून हाती आले ते असे की, उतारवयात माणूस कितपत सुखी आणि निरोगी राहील, हे त्याच्या पैशाअडक्यापेक्षा आपल्या माणसांशी त्याचे संबंध किती जिव्हाळ्याचे आहेत यावरून अधिक कळते. आपले मेळावेवाले नेमका तोच रकाना छापायला विसरतात.

तेव्हा येत्या नाताळात ज्यांचे मेळावे ठरले आहेत त्या संयोजकांना माझे जाहीर सांगणे आहे. उत्तीर्णांची यादी बाजूला ठेवा आणि महाविद्यालयाच्या कचेरीतून पहिल्या वर्षाच्या प्रवेशाची नोंदवही मागून घ्या. तीत जी नावे आहेत ती तुमची तुकडी. मुलींचे पत्ते माहेरच्या धर्मग्रामातून किंवा गावातून मिळवा आणि हे काम वर्गातल्या दोघी-तिघींकडे सोपवा. त्या महिन्याभरात पुरे करतील. हुद्द्याचा रकाना काढून टाका. व्यासपीठ नको, खुर्च्या गोल मांडा. रिसॉर्ट नको, महाविद्यालयाचे पटांगण सुट्टीत मोकळेच असते आणि जेवण आपापल्या घरून डब्यात आणता येते. वर्गणी ऐच्छिक ठेवा आणि कोणी किती दिली हे छापू नका. दिवंगतांची नावे आरंभीच मोठ्याने वाचा, घाईने नव्हे. आणि ज्या पंधरा-वीस जणांचे पत्ते तुम्हांपाशी नाहीत त्यांची नावे स्मरणिका निघण्याआधी, आजच, आपसांत वाटून घ्या : एकेकाने एकेक. वसईत राहणाऱ्याने निदान वसईतला माणूस तरी शोधून काढावा.