पान्याचे मापही मापच

आमची मीटरपट्टी बोटभर कमी निघाली तर गिऱ्हाईक भांडते, वजनमापे खाते खटला भरते. सूरह मुतफ्फिफीन लहानपणापासून ऐकलेल्या व्यापाऱ्याला नापतोलातली कसर म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. पण चाकाचे नट आवळणाऱ्याच्या हातातले माप कोण पाहतो?

आमच्या घरची गाडी मुलेच दुरुस्त करतात. मागे एका गॅरेजात पान्याला पाईप लावून नट इतके आवळले होते की पंक्चरच्या वेळी भर रस्त्यात स्टड तुटला. नट सैल राहिले असते तर चाकच निघाले असते! आमचे कारागीर बंधू म्हणतात, "हात बसलाय." हात सकाळी वेगळा असतो, संध्याकाळी थकल्यावर वेगळा. गिऱ्हाइकाची गाडी ही अमानत आहे.

म्हणून टॉर्क रेंच घेतला. सर्वांत मोठा घ्यावा, सगळीकडे चालेल, असे वाटते, तसे नाही. लहान गाडीचे चाकाचे नट साधारण 85 ते 110 न्यूटन मीटरवर आवळतात, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. स्पार्क प्लगला बहुधा 20-25 पुरे. 'टक्' वाजणारा पाना आपल्या मापाच्या खालच्या पाचव्या हिश्शात भरवशाचा नसतो, म्हणजे 200 चा पाना 40 च्या खाली वापरू नये. प्लगसाठी लहान पाना वेगळाच घ्यावा.

पेटीवर 'शेकडा 4 फरक' छापणे सोपे असते. आपल्याच पान्याचा क्रमांक असलेला तपासणी दाखला मागावा. तो नसेल तर घरी पाहावे: पान्याचा चौकोनी खुंट शिकंजात पकडून दांडा आडवा ठेवावा, खुंटापासून मुठीच्या मध्यापर्यंत 40 सेंटिमीटर भरत असतील तर तिथे 25 किलो टांगावेत. हा जोर 98 न्यूटन मीटर होतो; पान्याच्या स्वतःच्या वजनाची थोडी भर पडते. 90 वर लावलेला पाना वाजला पाहिजे, 110 वर वाजता कामा नये.

काम झाल्यावर आकडा सर्वांत खाली आणून ठेवावा. नट सोडवायला हा पाना कधीच वापरू नये. पुस्तकात सांगितले नसेल तर आट्यांना तेलही लावू नये, तेलाने त्याच आकड्यावर नट जास्त आवळला जातो. वर्षाला किंवा 5000 वेळा वापरल्यावर तपासून घ्यावा.

आमचा पहिला पाना 110 वरही वाजला. दुकानदाराने कुरकुर केली, पण बदलून दिला.