बधिर हातांची दखल

केमो संपली, केस पुन्हा उगवले, की घरातले म्हणतात, 'आता झाली ना बरी!' मग हातापायांतल्या मुंग्या आणि बधिरपणाचं काय? स्तनाच्या कर्करोगात सर्रास दिलं जाणारं पॅक्लिटॅक्सेल नसांना इजा करतं. तव्याचा चटका कळत नाही, सुई धरवत नाही, ब्लाउजचे हुक लागत नाहीत, चप्पल निसटलेली समजत नाही. वर कप फुटला की शेरा मिळतो, 'लक्ष कुठं असतं?'

मैत्रिणींनो, हे मुकाट सोसायचं दुखणं नव्हे. मुंग्या सुरू झाल्या की पुढच्या केमोआधीच डॉक्टरांना सांगायला हवं. मात्रा कमी करता येते, कधी औषध बदलता येतं. नंतर ही वाट उरत नाही. वेदनेवर ड्युलोक्सेटिनचा काहींना उपयोग होतो, पण बधिरपणा महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं टिकतो. तोवर पाणी कोपरानं तपासावं, तळपाय रोज पाहावेत, अनवाणी चालू नये, हे सगळं खरं. पण तिला चुलीपुढून उठवून तवा हातात घेणार कोण? स्तनतपासणीची शिबिरं आपण घेतो. शिवणकामावर पोट असलेल्या बाईची बोटंच बधिर झाली तर तिच्या बुडालेल्या मजुरीचं काय करायचं, हा विषय गटाच्या पुढच्या बैठकीत घ्या.