समुद्राचा वारा सगळ्यांना सारखा नाही

आमच्या पोखर्णीपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तरी गावात सगळ्यांना एक खात्री आहे: मुंबईत कितीही धूर होवो, समुद्र तो ओढून नेतो. माझा चुलतभाऊ परभणीहून देवगिरी एक्स्प्रेसने निघून गोवंडीत बांधकामावर गेला, तेव्हा अम्मी म्हणाली होती, "समंदर की हवा है, तबियत सुधरेगी." दोन हिवाळ्यांनी तो खोकला घेऊन परतला. खोकल्याचं नेमकं कारण मी सांगू शकत नाही. पण तेव्हापासून मी या वाऱ्याबद्दल वाचत गेलो, आणि माझी खात्री डळमळली.

दिवसा जमीन लवकर तापते, म्हणून वारा समुद्राकडून येतो. रात्री जमीन लवकर गार होते आणि वारा उलटा फिरतो. म्हणजे रात्री समुद्रावर गेलेला धूर दुसऱ्या दिवशी काही प्रमाणात परत येऊ शकतो. हिवाळ्यात वारा मंद असला की तो शहरावरच रेंगाळतो.

शिवाय समुद्र नुसता झाडू नाही, तो हवेत स्वतःचं मीठही सोडतो. लाटांच्या तुषारांतून मिठाचे बारीक कण हवेत राहतात. रात्री गाड्यांच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड या कणांशी मिळून नायट्रिल क्लोराइड नावाचा वायू बनवतात. सकाळी ऊन पडताच तो फुटतो. त्यातून मोकळा झालेला क्लोरीन जमिनीलगतचा ओझोन वाढवतो, आणि हा ओझोन छातीला वाईट. 2006 मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनजवळच्या किनारी हवेत हा वायू मोजला गेला. मीठ एकटं निरुपद्रवी असतं. धूर भेटला की गोष्ट बदलते.

आता मुंबईचा नकाशा पाहा. दुपारचा वारा पश्चिमेकडून येतो. ताजी हवा आधी किनाऱ्यावरच्या उंच इमारतींना मिळते. मग रस्ते, बांधकामं, कारखाने ओलांडून ती पूर्वेला गोवंडी, मानखुर्द, माहुलला पोहोचते, तेव्हा ती वापरलेली हवा असते. गोवंडीच्या शेजारीच देवनारचा कचरा डेपो. 2016 च्या जानेवारीत तो पेटला तेव्हा धूर कित्येक दिवस हटला नव्हता. या वस्त्यांत राहतात ती बहुतेक गरीब माणसं, त्यांत मुसलमान पुष्कळ, आणि आमच्या मराठवाड्यातून पोटासाठी गेलेली पोरंही.

ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबई महापालिकेने बांधकामाच्या धुळीसाठी नियम काढले: पत्रे उभारा, पाणी मारा, राडारोडा झाकून न्या. नियम चांगलेच आहेत. पण त्यांचा हिशोब पूर्वेकडच्या वस्त्यांत व्हायला हवा. हवा मोजायची यंत्रं तिथे जास्त हवीत, आणि धूळ उडवणाऱ्याला दंडही तिथे आधी व्हावा. समुद्र आहे म्हणून निर्धास्त राहणं म्हणजे आपलं काम वाऱ्यावर सोडणं.

भाऊ पुन्हा निघालाय. जावंच लागेल, घर चालवायचंय. या वेळी अम्मीने समुद्राचं नाव काढलं नाही. पिशवीत एक स्वच्छ रुमाल ठेवला आणि म्हणाली, "मुँह पे बाँध के काम करना."