जुनेराचा पीतांबर

श्रावण वद्य अष्टमी जवळ येते तेव्हा आमच्या महाडात सावित्री दुथडी भरून वाहत असते, कौलांच्या पागोळ्या रात्रभर गळत असतात, आणि त्या संततधारेत कुठल्या ना कुठल्या घरातून शिवणयंत्राची खडखड ऐकू येत राहते. कीर्तन आटोपून मध्यरात्रीच्या सुमारास घरी परतताना ती आम्ही कित्येक वर्षे ऐकत आलो आहोत. खिडकीतून पाहावे तर दिव्याखाली एक माउली मान खाली घालून बसलेली असते. मांडीवर जुन्या साडीचा घोळ पसरलेला असतो आणि शेजारी अंथरुणावर उद्याचा बालकृष्ण गाढ झोपी गेलेला असतो.

ही माउली दिवसभर रिकामी होती, असे कोणी समजू नये. पहाटे उठून तिने पाणी भरले, डबे केले, औद्योगिक वसाहतीतल्या पाळीला जाणाऱ्यास निरोप दिला किंवा स्वतःच ती पाळी गाठली. पोलादपूरच्या वाड्यांवर तर घरधनी बहुधा मुंबईस चाकरीला. तेव्हा भाताची बेणणी, गुरे, म्हातारी माणसे आणि पोरांचा अभ्यास हे सारे तिच्या एकटीच्या शिरावर. अशात पोर शाळेतून धावत येते आणि सांगते, “आई, परवा बाईंनी कृष्ण होऊन यायला सांगितलं आहे.” परवा! मग रात्र तेवढी तिच्या हाती उरते.

बाजारात तयार पोशाख मिळतो, भाड्यानेही मिळतो. पिवळे चकचकीत धोतर, चिकटवलेल्या टिकल्या, कागदी मुकुट. पैसे टाकले की काम झाले. ज्या माउलीस वेळ नाही तिने तो खुशाल आणावा. देव त्यामुळे रुसत नाही आणि आम्हीही तिला बोल लावणार नाही. परंतु जी माउली रात्र जागून जुनेराचा पीतांबर शिवते तिला आपल्याच घरात, आपल्याच देवळात “देवाच्या कामाला जुने कशाला?” असे ऐकावे लागते. तिची बाजू मांडण्यासाठी आज ही लेखणी उचलली आहे. कारण हेच वाक्य एकदा आमच्याही तोंडून निघाले होते.

त्यास आता सुमारे पंचवीस वर्षे झाली. पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका गावी आम्ही जन्माष्टमीच्या कीर्तनास उभे होतो. उत्तररंगात कृष्णजन्म झाला, पाळणा हलला, आणि गावातील एक बाई आपल्या चारपाच वर्षांच्या मुलास कृष्णाचा वेष देऊन पुढे घेऊन आली. पीतांबर हळदीच्या रंगाच्या जुन्या लुगड्याचा होता. एका बाजूस दंड घातलेला स्पष्ट दिसत होता. विद्येचा ताठा अंगात होता. आम्ही सर्वांदेखत म्हणालो, “बाई, देवाच्या कार्याला जुनेर नेसवू नये.” ती काही बोलली नाही. पोराचा हात धरून मागे सरली आणि आरतीस थांबली नाही. पुढे त्या गावी आम्ही अनेकदा गेलो, पण श्रोत्यांत ती पुन्हा दिसली नाही. कीर्तनकाराने एक श्रोता गमावला एवढेच हे नव्हे. देवाच्या दारी आलेल्या एका आईस आम्ही परत पाठविले होते.

श्रद्धाळू वाचक विचारतील, शास्त्र काय सांगते? पूजाविधीत देवाला अर्पण करावयाचे वस्त्र अहत, म्हणजे नवे, कोणी न वापरलेले असावे, हे खरेच आहे. ते आम्हीही सोडण्यास सांगत नाही. मात्र विधीचे वस्त्र वेगळे आणि वेषाचे वस्त्र वेगळे. मुलाने कृष्णाचे सोंग घ्यावयाचे ते वस्त्र नैवेद्याचे नव्हे, खेळाचे आहे. आम्ही त्या रात्री दोन गोष्टींची गल्लत केली, आणि व्याकरण शिकलेल्या माणसाला अशी गल्लत शोभत नाही.

पुढे भागवताच्या दशमस्कंधाचा एकेचाळिसावा अध्याय पुन्हा वाचताना तर आम्हांस घाम फुटला. कृष्ण-बलराम मथुरेत प्रवेश करतात. वाटेत कंसाचा रजक कपड्यांची ओझी घेऊन भेटतो. कृष्ण त्याच्याजवळ धुतलेली उत्तम वस्त्रे मागतो. रजक हिणवतो, ‘रानावनात फिरणाऱ्यांनी असली वस्त्रे मागावी काय?’ त्याच्या उद्धटपणाचे फळ त्यास तिथेच मिळते. नंतर एक वायक, म्हणजे वस्त्र विणणारा, प्रसन्न मनाने पुढे येतो आणि त्या दोघांचा वेष रंगीबेरंगी कापडी भूषणांनी सजवून देतो. भगवंत त्याला सारूप्य देतात, शिवाय इहलोकीचे ऐश्वर्य देतात. वाचकहो, नीट पाहा. देवाने मागितले ते धुतलेले वस्त्र, तेही दुसऱ्याच्या ओझ्यातले. ज्याच्याजवळ गठ्ठेच्या गठ्ठे होते तो वाया गेला, आणि ज्याने आपल्या हातांनी वेष बसता केला तो तरला. त्या रात्री देवळात रजक कोण होता आणि वायक कोण होता, हे आम्हांस कोणी सांगावयास नको.

चिंधीचे मोल तर आपल्या कथांत पदोपदी आहे. सुदाम्याच्या पत्नीने शेजारपाजारून मागून आणलेले चार मुठी पोहे कापडाच्या तुकड्यात बांधून दिले, असे त्याच स्कंधात आले आहे. कृष्णाच्या बोटास जखम झाली तेव्हा द्रौपदीने भरजरी वस्त्र फाडून चिंधी बांधली, ही कथा व्यासांच्या महाभारतात नाही, लोकपरंपरेतली आहे. पण आपल्या आयाबहिणींनी ती शतकानुशतके जपली, याचे कारण त्यांना चिंधीची किंमत ठाऊक होती.

आमच्या आईस ती ठाऊक होती. तिचे नऊवारी लुगडे मधोमध विरले की ती विरलेला भाग कापून काढी आणि दोन धड बाजू जोडून दंड घाली. तेही विटले की त्याची पोरांसाठी झबली-टोपडी होत, कारण नवजात अर्भकाच्या अंगाला जुन्या सुती कापडाइतके मऊ दुसरे काही नसते. उरले त्याची गोधडी. गोधडीतून सुटलेल्या चिंध्या समईच्या काजळीला आणि चुलीवरचे भांडे उतरवायला. आम्ही पहिल्यांदा कीर्तनास उभे राहिलो तो अंगरखाही तिने वडिलांच्या जुन्या धोतराचा बेतला होता. बाहीची माया तिने आतून भरपूर ठेवली होती. शिंपीलोक शिलाईसाठी आत सोडलेल्या जादा कापडाला ‘माया’ म्हणतात. पुढच्या वर्षी पोर वाढेल हे आधीच ओळखून ठेवलेले कापड ते. वेदान्ताने त्याज्य ठरविलेला शब्द शिंप्याने किती सुंदर अर्थाने वापरला आहे! असा अंगरखा घालून उभा राहिलेला माणूस दुसऱ्या आईच्या जुनेरास नाक मुरडतो, याला काय म्हणावे?

आणि शिंप्याचे नाव निघाले की कीर्तनकाराने हात जोडलेच पाहिजेत. संत नामदेव (१२७०–१३५०) शिंप्याच्या घरी जन्मले. विठ्ठलासमोर नाचत कीर्तन करण्याची जी वाट आम्ही आज चालतो ती त्यांनी रुळविली. ते पंजाबपर्यंत गेले आणि त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात विराजमान झाली. ज्या घरी कात्री, सुई आणि माप ही उपजीविका होती त्या घरातून हा भक्तीचा झरा फुटला. यातून आणखी एक गोष्ट निघते. सुई ही बायकांचीच, असे आपल्या परंपरेने कधी म्हटलेले नाही. मग रात्री एकटी आईच का जागते? वडिलांनी काठ उसवून द्यावा, आजीने हातशिलाईने दुमड घालावी, मुलीने आणि मुलानेही सुईत दोरा ओवावा. पीतांबर घराने शिवावा, एकट्या आईच्या झोपेतून तो कापून काढू नये.

२२ जुलै २०२१ हा दिवस महाडकर विसरणार नाहीत. सावित्री, गांधारी आणि काळ या नद्यांचे पाणी शहरात शिरले आणि पुरुषभर उंचीच्या वर चढले. त्याच दिवशी तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्या दुःखापुढे आमचे नुकसान ते काय! पण घरातील पोथ्यांचा फडताळ चिखलात बुडाला. काही पोथ्या वरच्या फळीवर होत्या त्या वाचल्या, त्यांची बासने मात्र चिखलाने कुजली. मदतीच्या गाड्या येत होत्या. त्यांत मायेने घड्या घालून धाडलेले धडके कपडे होते, आणि कुठून तरी फाटक्या, कळकट कपड्यांचे गठ्ठेही आले होते. जुने देणे आणि नको ते टाकणे यांतले अंतर त्या दिवसांत डोळ्यांना दिसले. आळीतल्या बायकांनी स्वतःच्या चिखलाने माखलेल्या साड्या नदीचे पाणी ओसरल्यावर चारचारदा धुतल्या, उन्हे पडतील तेव्हा वाळविल्या, आणि धड निघालेल्या सुती पदरांची आमच्या पोथ्यांना नवी बासने शिवून दिली. आम्ही एक शब्द मागितला नव्हता. आज आमचे भागवत जुनेरातच गुंडाळलेले आहे. पारायणाच्या वेळी बासन सोडताना आम्हांस दर वेळी ते हळदीचे लुगडे आठवते.

आता ज्या माउल्यांना या अष्टमीस हे करून पाहावयाचे असेल त्यांच्यासाठी घरोघरी चालत आलेले दोन शब्द. साडी धुऊन उजेडासमोर धरावी, म्हणजे विरलेली जागा दिसते. साडी बहुधा मधल्या भागात विरते; काठ आणि पदर शेवटपर्यंत धड राहतात. लांबट धड भागाचे धोतर, पदराचा शेला, काठाची कमरपट्टी आणि मुकुटाची पट्टी होते. राधेचा परकर काढावयाचा असेल तर काठ खाली घ्यावा. जर टोचते म्हणून आतून सुती अस्तर द्यावे. टाचण्या लावू नयेत, नाडी ओवावी. आणि माया भरपूर ठेवावी. आरतीच्या वेळी मुले निरांजनाजवळ गर्दी करतात. नायलॉनसारखे कापड पेटले की वितळून अंगास चिकटते, म्हणून मुलाच्या अंगावर सुती कापडच बरे.

काटकसर म्हणून हे हसण्यावारी नेऊ नये. एका सुती टी-शर्टासाठी, शेतातल्या कापसापासून मोजले तर, सुमारे २,७०० लिटर पाणी लागते असा जाणकारांचा अंदाज आहे. श्रावणात बुडणाऱ्या पोलादपूरच्या वाड्या वैशाखात टँकरची वाट पाहतात. पाण्यासाठी डोक्यावर हंडा घेणाऱ्या बाईस कापड वाया का घालवू नये, हे कोणी शिकवावे लागत नाही. ती ते करीतच आली आहे. आपण फक्त तिला हिणवणे थांबवावे.

तेव्हा या जन्माष्टमीस देवळात कोणी बाळ जुनेराचा पीतांबर नेसून आले, तर विश्वस्तांनी, पुजाऱ्यांनी आणि आम्हां कीर्तनकारांनी त्यास पुढे बोलवावे, पाळण्याची दोरी आधी त्याच्या हाती द्यावी, आणि त्याच्या आईस सर्वांदेखत विचारावे, “हे कोणी शिवले?” पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही विचारावयास हवे होते ते हेच. ती बाई कुठे असेल ती असो. हा लेख तिच्या घरी पोहोचला, तर तिने आमचा नमस्कार स्वीकारावा आणि यंदा आरतीपर्यंत थांबावे, एवढीच प्रार्थना.

इत्यलम्.